साताऱ्याचा पाद्री आणि सूर्यसिद्धांत

अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकाचा सहावा खंड 1860 साली न्यू हेवन शहरातून प्रसिद्ध झाला. त्यात साडेतीनशेहून अधिक पानांचे एकच लेखन होते : ‘सूर्यसिद्धांत’ या संस्कृत ज्योतिषग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, टीपा आणि परिशिष्टांसह. भाषांतरकाराच्या नावापुढे कोणत्याही विद्यापीठातले पद नव्हते. रेव्हरंड एबेनेझर बर्जेस, भारतात मिशनरी म्हणून राहिलेले, एवढीच त्यांची ओळख होती. 1839 ते 1854 अशी पंधरा वर्षे त्यांनी आधी अहमदनगरला आणि मग साताऱ्याला काढली होती.

वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांवर लिहिणारे जेम्स बर्जेस आपल्या वाचकांना माहीत असतात. ते स्कॉटलंडचे पुरातत्त्वज्ञ. हे बर्जेस वेगळे. महाराष्ट्रात त्यांची आठवण फारशी उरलेली नाही. तरीही भारतीय गणित-ज्योतिषाचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या कोणालाही त्यांचे पुस्तक टाळून पुढे जाता आलेले नाही. बायबल हाच अखेरचा शब्द मानणारा हा धर्मोपदेशक हिंदूंच्या ज्योतिषग्रंथाचा भाषांतरकार कसा झाला आणि त्या ग्रंथाच्या बाजूने आपल्याच देशातल्या सर्वांत मोठ्या संस्कृत पंडिताशी त्याने वाद का घातला, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

व्हरमाँटहून दख्खनेत

बर्जेस यांचा जन्म 1805 साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या ग्राफ्टन या लहान गावी झाला. 1831 मध्ये ते ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढचे धर्मशिक्षण त्यांनी अँडोव्हर येथील धर्मशास्त्र महाविद्यालयात घेतले. हार्वर्डमध्ये उदारमतवादी विचार शिरला म्हणून जुन्या श्रद्धेच्या मंडळींनी 1807 साली हे महाविद्यालय काढले होते. तिथे कडक श्रद्धा आणि कडक अभ्यास एकत्र नांदत. मोझेस स्टुअर्ट हे हिब्रूचे नामांकित प्राध्यापक तिथे शिकवत. उपदेशकाने जुना करार हिब्रूतून आणि नवा करार ग्रीकमधून स्वतः वाचला पाहिजे, भाषांतरावर विसंबून राहू नये, असा त्यांचा दंडक होता. पाठभेद तपासणे, व्याकरणाच्या आधाराने अर्थ ठरवणे, आधी मूळ वाक्य आणि मग मत, ही शिस्त बर्जेस यांच्या हाडीमाशी खिळली ती तिथेच. पुढे संस्कृत श्लोकांशी गाठ पडली तेव्हा तीच त्यांच्या कामी आली.

ज्या संस्थेने त्यांना पाठवले ती अमेरिकन बोर्ड 1810 मध्ये स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. मराठी मुलखातल्या अमेरिकन मिशनची सुरुवात तेव्हापासून. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, 1826 मध्ये मराठी नवा करार छापला. 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे पडले आणि 1842 मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्याने मराठी मुद्रणाला माणसे पुरवली. गणपत कृष्णाजी तिथेच काम शिकले आणि पुढे स्वतःच्या छापखान्यात त्यांनी मराठी पंचांग छापले. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीही मिशनच्याच छापखान्यातून घडले. बायबल छापायला आणलेल्या कलेतून पंचांग बाहेर पडले. त्या काळात धर्मप्रसार आणि ज्ञानप्रसार यांच्या वाटा अशा एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

संस्थान खालसा झालेले सातारा

सातारा जिल्ह्यात अमेरिकन मिशनचा पाय आधी महाबळेश्वरला पडला. अलन ग्रेव्हज हे अँडोव्हरचेच विद्यार्थी 1818 मध्ये मुंबईला आले. मराठी बायबलच्या भाषांतराचे मोठे काम त्यांच्याकडे होते. कोकणची दमट हवा त्यांना सोसेना, म्हणून ते महाबळेश्वरच्या माल्कम पेठेत राहू लागले. थंड हवेत त्यांचे भाषांतर चाले आणि त्यांच्या पत्नी मेरी मुलींची शाळा चालवत. 1843 मध्ये ग्रेव्हज तिथेच वारले. मेरीबाईंनी मात्र डोंगर सोडला नाही; पतीच्या माघारीही त्यांचे शिकवणे चालूच राहिले.

साताऱ्यात कायमचे ठाणे पडले ते 1849 मध्ये. हा काळ मराठ्यांच्या इतिहासात सुतकाचा आहे. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले होते. त्यांच्यामागून गादीवर आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 च्या एप्रिलमध्ये निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने मानले नाही आणि छत्रपतींचे राज्य खालसा केले. दत्तकाचा वारसा नाकारून डलहौसीने गिळलेले हे पहिले संस्थान. या जखमा ओल्या असतानाच गोरे पाद्री गावात राहायला आले. त्यांना कंपनी सरकारचा पगार नव्हता, ते इंग्रजही नव्हते, पण गावकऱ्यांना हा फरक किती जाणवणार? इंग्रजी अंमलाच्या सावलीतच ही माणसे वावरत होती, हे विसरून त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक करणे खरे होणार नाही.

गाव मात्र विद्येचे होते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली, वर कृष्णाकाठी वाई, खाली कऱ्हाड. सगळीकडे वेदपाठशाळा, शास्त्री, जोशी. दर पाडव्याला पंचांग वाचून घेणाऱ्या समाजात आकाशाचे गणित करणारी घराणी असायचीच. महाराष्ट्रातल्या जोशांचा मुख्य आधार होता गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’. शके 1442, म्हणजे इ. स. 1520 च्या आरंभकाळावर रचलेला हा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताचे सुटसुटीत पुस्तक, इतका सोयीचा की त्यात ज्या-कोज्यांची आकडेमोड करावीच लागत नाही. तो पाठ असलेला जोशी ग्रहण सांगू शके. मात्र ग्रहलाघवाच्या मागे जी मोठी सिद्धांतपरंपरा होती, ती समजून घ्यायची तर ‘सूर्यसिद्धांता’कडे जावे लागे.

शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात

भाषांतराच्या प्रस्तावनेत बर्जेस यांनी या कामाचे मूळ सांगितले आहे. 1839 मध्ये मराठी मुलखात आल्यावर थोड्याच दिवसांत शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करण्याकडे त्यांचे लक्ष गेले. त्यासाठी इथल्या लोकांचे स्वतःचे ज्योतिष पाहावे म्हणून ते ग्रंथ चाळू लागले आणि विषयातच गुंतले. त्याची नीट ओळख करून देणारे एकही पुस्तक मात्र त्यांना सापडेना. कोलब्रुक, डेव्हिस, बेंटली यांसारख्या युरोपीय लेखकांचे निबंध होते, पण ते तुकड्यातुकड्यांत. पूर्ण सिद्धांतग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत, उदाहरणांसह समजावून देणारे भाषांतर नव्हते. ते आपणच करावे असे त्यांनी ठरवले.

मिशनरींना खगोलशास्त्रात एवढा रस का, याचे उत्तर त्या काळात आहे. पृथ्वी सपाट आहे, मध्ये मेरू आहे, भोवती दुधाचे नि उसाच्या रसाचे समुद्र आहेत, हे पुराणातले वर्णन शाळेतल्या नकाशापुढे टिकत नाही. ते ढासळले की त्याला टेकलेली श्रद्धाही ढासळेल, असा अनेकांचा हिशेब होता. पण सीहोरचे इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी दुसरी वाट दाखवली होती. पृथ्वी गोल आहे आणि निराधार आहे हे तर भास्कराचार्यांनीच सांगितले आहे, मग पुराणांच्या विरुद्ध युरोपला साक्षीला बोलवायचे कशाला? विल्किन्सन यांच्या भोवती जमलेल्या पंडितांपैकी बापूदेव शास्त्री मूळचे आपल्याच मुलखातले. ते पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणिताचे नामवंत अध्यापक झाले आणि बर्जेस यांच्या भाषांतराच्या सुमारासच त्यांनी सूर्यसिद्धांताचे स्वतःचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. एकाच ग्रंथावर एकाच वेळी साताऱ्याचा पाद्री आणि काशीचा मराठी पंडित काम करत होते.

भारतात असतानाच बर्जेस यांनी संपूर्ण ग्रंथाचे कच्चे भाषांतर केले. संस्कृत श्लोकांचा अर्थ लावायला आणि गणिताची रीत उलगडायला इथले ब्राह्मण विद्वान त्यांच्या मदतीला होते आणि प्रस्तावनेत त्यांनी ते ऋण मान्य केले आहे. सिद्धांतग्रंथातला श्लोक सूत्रासारखा आखूड असतो. पाठशाळेत गुरूसमोर बसून, धुळपाटीवर आकडे मांडत शिकल्याशिवाय तो उमगत नाही. या भाषांतराच्या पानापानांवर मुखपृष्ठावर नाव नसलेल्या त्या शास्त्र्यांचे श्रम आहेत. बर्जेस यांना श्रेय देताना त्यांनाही तितकेच द्यायला हवे.

याच वर्षांत बर्जेस यांनी मराठी भाषेचे व्याकरणही लिहिले. ते 1854 मध्ये मुंबईत छापले गेले आणि त्याच वर्षी बर्जेस मायदेशी परतले.

ग्रंथात आहे तरी काय

बर्जेस ज्या ग्रंथावर इतकी वर्षे खपले, त्याची थोडी ओळख करून घेऊ. सूर्यसिद्धांताचे 14 अध्याय आणि सुमारे 500 श्लोक आहेत. पहिल्या मध्यमाधिकारात ग्रहांच्या सरासरी गती, दुसऱ्या स्पष्टाधिकारात त्यांची खरी स्थाने, तिसऱ्या त्रिप्रश्नाधिकारात दिशा, स्थळ आणि काळ ठरवण्याच्या रीती. पुढे चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, ग्रहांच्या युती, नक्षत्रे, उदयास्त, चंद्रकोरीचा कल, भूगोल, वेधाची उपकरणे आणि शेवटी कालमापनाचे प्रकार.

कालगणना महायुगापासून सुरू होते. एका महायुगात 43,20,000 सौर वर्षे आणि 1,57,79,17,828 दिवस. भागाकार केला की वर्ष येते 365 दिवस 6 तास 12 मिनिटे 36.56 सेकंदांचे. आजच्या मोजणीने नाक्षत्र वर्ष 365 दिवस 6 तास 9 मिनिटे 10 सेकंद. फरक साडेतीन मिनिटांहूनही कमी. दुर्बिणीच्या आधी, शंकूची सावली आणि घटिकापात्र हाताशी धरून केलेल्या कामाची ही अचूकता आहे. अर्थात साडेतीन मिनिटेही साचत जातात. दीड हजार वर्षांत त्यांचे साडेतीन दिवस होतात आणि तेवढ्यापायी पुढे महाराष्ट्रात पंचांगांचे रण माजले, त्याकडे आपण शेवटी येऊ.

दुसरे उदाहरण ‘ज्या’ या राशीचे. वर्तुळाचा परीघ 21,600 कला धरला तर त्रिज्या साधारण 3,438 कला येते. काटकोनाचे 24 समान भाग करून प्रत्येकाची ज्या सूर्यसिद्धांताने दिली आहे : पहिली 225, दुसरी 449, तिसरी 671 आणि अशीच शेवटच्या 3,438 पर्यंत. आज शाळेत मुले ‘साइन’ म्हणून जे शिकतात ते हेच. ग्रीक ज्योतिषी पूर्ण जीवा वापरत. अर्धी जीवा घेऊन गणित सोपे करण्याची कल्पना भारतीयांची. ती अरबांमार्फत युरोपात गेली.

ग्रहणाबद्दल ग्रंथाची भूमिका स्पष्ट आहे. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो. छायेचा व्यास काढण्याची, स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळा ठरवण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे. भाषांतरात या रीतींची परीक्षाच घेतली आहे. 26 मे 1854 ला अमेरिकेतून दिसलेले सूर्यग्रहण सूर्यसिद्धांताच्याच नियमांनी पूर्ण सोडवून ते गणित परिशिष्टात छापले आहे. मूळ ग्रंथाला दिलेला यापेक्षा मोठा मान कोणता? त्याची भाषा समजून घेतली, त्याची रीत हातात घेतली आणि आकाशापुढे उभी केली.

व्हिटनींशी मतभेद

बर्जेस अमेरिकेत परतले तेव्हा त्यांच्याकडे कच्चा खर्डा होता. अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने तो छापण्याचे ठरवले आणि काम पुढे नेण्यासाठी विल्यम ड्वाइट व्हिटनी पुढे आले. व्हिटनी 1854 पासून येल येथे संस्कृतचे प्राध्यापक होते, जर्मनीत वेबर आणि रोथ यांच्याजवळ शिकलेले. पुढे त्यांचे संस्कृत व्याकरण जगभर प्रमाण मानले गेले. येलचेच गणिताचे प्राध्यापक ह्युबर्ट अँसन न्यूटन यांनी गणिताच्या सिद्धता तपासल्या. मूळ पाठासाठी हस्तलिखितांबरोबर फिट्झएडवर्ड हॉल यांनी रंगनाथांच्या ‘गूढार्थप्रकाशिका’ टीकेसह कलकत्त्याला छापवलेली आवृत्तीही हाताशी होती. हॉलही अमेरिकनच, काशीत राहून संस्कृत शिकलेले.

विस्तृत टीपा मुख्यतः व्हिटनी यांनी लिहिल्या. त्या अतिशय मोलाच्या आहेत. नक्षत्रांच्या योगतारा, म्हणजे त्यांची ओळख पटवणारे मुख्य तारे, ओळखताना त्यांनी अरबांच्या आणि चिनी लोकांच्या चंद्रमार्गाच्या विभागांशी केलेली तुलना आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. पण टीपांमधून त्यांचे एक ठाम मतही डोकावते : भारतीय गणित-ज्योतिषाचा गाभा ग्रीकांकडून आला, हिंदूंनी तो घेतला आणि आपल्या साच्यात बसवला. सूर्यसिद्धांताच्या काही प्रतींत सूर्य हे ज्ञान मागणाऱ्या मयासुराला रोमक नगरीत जायला सांगतो. असे संदर्भ या मताच्या बाजूने पुढे केले जात.

भाषांतरावर नाव बर्जेस यांचे, टीपा व्हिटनींच्या आणि दोघांचे मत जुळेना. अशा वेळी कमी नावाजलेल्या माणसाने गप्प बसणे सोपे असते. व्हिटनींची ख्याती वाढत होती. बर्जेस लहान गावच्या मंडळीत उपदेश करणारे पाद्री. तरीही ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या नावाने स्वतंत्र टीप जोडली आणि हे मत आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले.

त्या टीपेत त्यांनी एकेक मुद्दा वेगळा काढून पारखला : चंद्रमार्गाचे 27 किंवा 28 नक्षत्रांत विभाजन, सूर्यमार्गाच्या 12 राशी, ग्रहगती समजावणारी नीचोच्चवृत्तांची (मोठ्या वर्तुळावर फिरणाऱ्या लहान वर्तुळांची) कल्पना, फलज्योतिष, ग्रहांची आणि वारांची नावे. प्रत्येक बाबतीत त्यांनी विचारले की पुरावा नक्की काय सांगतो. नक्षत्रपद्धती हिंदूंची स्वतःची, याबद्दल त्यांना शंका नव्हती. इतर बाबतींतही ग्रीकांकडून भारतात काही आले असे गृहीत धरण्याइतका भक्कम पुरावा त्यांना दिसत नव्हता. उलट काही ठिकाणी ग्रीकांनीच पूर्वेकडून घेतले असणे जास्त संभवनीय वाटत होते. जिथे अनुमानच आहे तिथे ते एकाच बाजूला झुकवायचे का, हा त्यांचा प्रश्न होता.

या वादाचा निकाल पूर्णपणे बर्जेस यांच्या बाजूने लागलेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात डेव्हिड पिंग्री यांच्या संशोधनाने बाबिलोनी आणि ग्रीक ज्योतिषाचे भारतात आलेले धागे दाखवून दिले. राशिचक्र, होराशास्त्र, नीचोच्चवृत्तांची मूळ कल्पना बाहेरून आली असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. ‘केंद्र’, ‘होरा’ हे आपल्या ज्योतिषात रुळलेले शब्द ग्रीकच आहेत. पण व्हिटनींचे चित्रही अपुरे ठरले. ‘ज्या’ वापरण्याची पद्धत, गणिताच्या नव्या रीती, युगांवर आधारलेली भगणसंख्यांची (ग्रहांच्या फेऱ्यांची) मांडणी ही भारतीयांची स्वतःची घडण आहे आणि जे घेतले त्याचेही त्यांनी नवे शास्त्र केले. बर्जेस काही मुद्द्यांवर चुकले, तरी नम्रता आणि पुरावा यांबद्दल त्यांनी धरलेला आग्रह योग्य होता.

श्रद्धा कुठे आडवी आली, कुठे उभी राहिली

इथे एक प्रश्न मनात येतो. जो माणूस हिंदू धर्म खोटा मानून तो बदलायला समुद्र ओलांडून आला, तो हिंदूंच्या बुद्धीची बाजू का घेतो? त्याची श्रद्धा डळमळली होती का? तसे काही झाले नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट इज ट्रुथ?’ या पुस्तकाचा विषयच मानववंशाचे प्राचीनत्व आणि ऐक्य हा आहे आणि त्यात ते नव्या वैज्ञानिक तर्कांविरुद्ध बायबलची बाजू लढवतात.

माझ्या मते उत्तर या शेवटच्या मुद्द्यातच आहे. 1850 च्या दशकात अमेरिकेत काही विद्वान असे सांगत होते की मानवाच्या जाती वेगवेगळ्या उगमांतून आल्या, त्यांची बुद्धीही मुळात वेगळी. 1854 मध्येच नॉट (मिशनरी नॉट नव्हेत) आणि ग्लिडन यांचे ‘टाइप्स ऑफ मॅनकाइंड’ हे त्या मताचे गाजलेले पुस्तक निघाले. गुलामगिरीचे समर्थक त्याचा आधार घेत. सर्व माणसे एकाच आदमची लेकरे आहेत, या बायबलच्या शिकवणीवर उभ्या असलेल्या बर्जेस यांना हे मानवणे शक्य नव्हते. जो माणूस सगळ्या मानवजातीला एका कुळातली मानतो, त्याला ग्रीकांना जे सुचले ते हिंदूंना सुचणार नाही, असे आधीच ठरवून टाकण्याचे कारण राहत नाही. व्हिटनी भारतात कधी आले नाहीत. बर्जेस यांनी मात्र गणित करणारे शास्त्री डोळ्यांसमोर पाहिले होते. ग्रंथामागची माणसे ओळखीची असली की त्यांच्या पूर्वजांना नक्कलकार म्हणणे जड जाते.

त्याच काळात शेजारच्या कोल्हापुरात रॉयल गूल्ड वाइल्डर या दुसऱ्या अमेरिकन उपदेशकाचीही आपल्याच संस्थेशी झुंज चालली होती. ते 1852 मध्ये कोल्हापूरला आले. मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांवर त्यांनी मराठीत भाष्ये लिहिली आणि मराठी बायबलच्या भाषांतर समितीत काम केले. शाळा चालवणे हे मिशनचे खरे काम की केवळ उपदेश, यावरून वाद पेटला तेव्हा ते शाळांच्या बाजूने उभे राहिले आणि 1861 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. वरिष्ठांशी जमले नाही तेव्हा स्वतंत्रपणे काम करत राहिले. कृष्णाखोऱ्यात आलेले हे उपदेशक एका साच्याचे नव्हते, हे त्यांच्या आपसांतल्या भांडणांवरूनही कळते.

सांगलीपर्यंत पोचलेला धागा

बर्जेस 1870 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वारले. त्यांच्या कामाचे खरे वाचक पुढे महाराष्ट्रातच तयार झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी व्हिटनी आणि बर्जेस या दोघांची मते समोरासमोर ठेवून तपासली आणि व्हिटनींच्या अनुमानांना आपल्या वाचनाच्या जोरावर उत्तरे दिली. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी ‘इंडियन कॅलेंडर’ ही कोष्टके काढली. जुन्या कागदपत्रांतल्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढायला इतिहाससंशोधकांनी ती पिढ्यान्पिढ्या वापरली.

पंचांगाचा प्रश्न तर घराघरांत पोचला. सूर्यसिद्धांताच्या वर्षमानाने मकरसंक्रांत इंग्रजी तारखांत सुमारे 60 वर्षांमागे एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी 1863. आज आपण संक्रांत 14 किंवा 15 ला करतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1865 पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग काढले. जुन्या ग्रंथांवर चालायचे की आकाशावर, यावरून शास्त्र्यांत उभा दावा पडला. ग्रंथात सांगितलेले ग्रहण आणि प्रत्यक्ष दिसणारे ग्रहण यांत अंतर पडत असेल तर धर्मकृत्याची वेळ कोणती धरायची, हा प्रश्न टाळता येणारा नव्हता. लोकमान्य टिळकांनी या सुधारणेचा पाठपुरावा केला. त्यांच्या ‘ओरायन’ या ग्रंथातही नक्षत्रांवरच्या वादात व्हिटनींच्या मतांची दखल घेतलेली आहे. 1920 मध्ये सांगलीत ज्योतिष संमेलन भरले आणि पंचांगशुद्धीचा विषय तिथे चर्चेला आला. बर्जेस ज्या ग्रंथाची आकडेमोड महाराष्ट्रात शिकले, त्याच्याच वर्षमानात आणि ग्रहगतीत किती दुरुस्ती करायची हे सात दशकांनी कृष्णाकाठचे आणि बाहेरचे पंडित ठरवायला बसले होते. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हाच प्रश्न देशपातळीवर हाताळला आणि 1957 मध्ये राष्ट्रीय पंचांग सुरू झाले.

भाषांतरही पुन्हा पुन्हा छापले गेले. कलकत्ता विद्यापीठाने 1935 मध्ये फणींद्रलाल गांगुली यांच्या संपादनाखाली, प्रबोधचंद्र सेनगुप्त यांच्या प्रस्तावनेसह त्याची आवृत्ती काढली. भारतीय विद्यापीठाने परदेशी पाद्र्याचे काम पुन्हा छापून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, ही साधी गोष्ट नाही.

मिशनरींच्या इतिहासाकडे पाहताना आपल्याकडे दोनच सूर लागतात : त्यांनी शिक्षण आणले म्हणून कृतज्ञता, किंवा ते धर्म बदलायला आले म्हणून रोष. दोन्हींना आधार आहे. बर्जेस यांच्या आयुष्यातून मात्र तिसरी गोष्ट शिकावी असे मला मनापासून वाटते. दुसऱ्याचा ग्रंथ वाचायचा तर तो अखेरपर्यंत, त्याच्याच रीतीने, त्याची गणिते स्वतः करून वाचावा. मत त्यानंतर बनवावे. आणि पुरावा आपल्या सोयीच्या विरुद्ध गेला तरी तो आपल्या नावाने जाहीर करावा. बर्जेस यांनी हिंदू धर्म स्वीकारला नाही, हिंदूंनी त्यांचा स्वीकारला नाही. तरीही सूर्यसिद्धांताच्या अभ्यासात दोघे एकाच कामाचे भागीदार झाले. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आजच्या मराठी वाचकाने त्या परंपरेचा एक तरी मूळ ग्रंथ एवढ्याच निष्ठेने वाचावा. अभिमानाला खरा पाया त्यातूनच मिळतो.